सात्यांची पूड आणि माझे पाय

आमच्या घरात खोटं बोलायला मनाई होती, आणि माझी हातातोंडाशी आलेली सरकारी नोकरी त्यापायीच गेली.

बाबा चंद्रपूरकडच्या मूल गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. घरी रोज संध्याकाळी पंचशील व्हायचं. 'खोटं बोलणार नाही' हे शील आलं की बाबा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायचे. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं साल असेल, वनरक्षकांची भरती निघाली. दादानं आणि मी, दोघांनीही अर्ज भरले. चंद्रपूरला नेमून दिलेल्या वेळात लांबचा पल्ला पायी गाठायचा, हीच मुख्य परीक्षा. बाबांची निवृत्ती जवळ आली होती. दोघांपैकी एक तरी लागायलाच हवा होता.

पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्यांवर (म्हणजे आमच्याकडच्या रानअळंबीवर) बाबांचा फार विश्वास. "जंगलातली मानसं सात्या खातेत अन् दिवसभर चालतेत, थकत नाईत. हे सिद्ध कराले पाह्यजे!" आईनं वाळवून ठेवलेल्या सात्यांची पूड झाली. एकानं ती खायची, दुसऱ्यानं भाजलेल्या चण्याचं पीठ. डबे सारखे, गूळ दोन्हीत, रंगही एकच.

"खानाऱ्याले कोनतं काय ते सांगाचं नसते, असं शास्त्र म्हन्ते," बाबा म्हणाले आणि गंभीर झाले. "पन पोट्टेहो, आपन शील घेतलं हाये." आणि त्यांनी सांगून टाकलं. पूड मला, पीठ दादाला!

रोज पहाटे आम्ही चंद्रपूरच्या रस्त्यानं चालायचो, मागून बाबा सायकलवर. पूड पोटात गेली की माझे पाय नुसते शिवशिवायचे. बाबांची सायकल मागं पडायची! दादा मात्र मैलाच्या दगडावर बसलेला.

"काऊन गा, थकला?"

"चन्याच्या पिठावर किती चालू, बाबा!" तो रडवेला होऊन म्हणायचा. त्याला धीर यावा म्हणून मी त्याच्याभोवती एक चक्कर मारायचो. (त्याला धीर येत नसे.)

महिन्याभरात मी गल्लीचा वैद्य झालो. धानाच्या गिरणीत पोती उचलणारे शेजारचे तुळशीरामभाऊ हात जोडून आले. "मले बी चिमूटभर दे ना बाबू, कंबर धरून राह्यली." मी चिमूटभर दिली. दुसऱ्या दिवशी कंबर सुटली! बाबांनी वर्गातल्या फळ्यावर लिहिलं, 'सात्यांनी थकवा जातो.'

भरतीच्या दिवशी पहाटे बाबांनी माझा डबा उघडला. "प्रयोग संपला. आज दोघांलेही पूड!" दादानं तळहात पुढं केला, तोच चुलीपुढून आई म्हणाली,

"त्या डब्यात पूड नाई जी. चन्याचं पीठ हाये."

"काय म्हनून राह्यली तू?"

"पयल्याच दिवशी अदलाबदल केली मी. मोठा लहानपनापासून अशक्त. त्याले पीठ अन् या घोड्याले औषध? मायच्या हातानं होते काय असं?"

"अवं, शील मोडलं तू!"

"मी खोटं बोललीच कुठी? तुमी इचारलंच नाई."

विज्ञान आणि धम्म, दोन्हीकडून हरलेल्या बाबांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. मी खाली बसलो. खरोखरच बसलो, कारण गुडघ्यांतलं सगळं बळ गेलं होतं! आणि दादा उभा राहिला. महिनाभर आपल्या पोटात सात्या जात होत्या, हे कळल्यावर तो असा ताठ झाला की दाराची चौकट त्याला ठेंगणी वाटू लागली.

चंद्रपूरला दादा पहिल्या काही जणांत पोचला. मी वाटेतला नाला ओलांडलाच नाही. पाण्याच्या पिंपांशेजारी बसून ट्रकमधून परत आलो.

घरी आई दारातच उभी होती. माझं तोंड बघून तिचे डोळे भरले. "माह्यं चुकलं का रे, बापू?"

मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. घरातल्या अशक्त पोराला औषध द्यायचं, हा तिचा विचार अगदी बरोबर होता. अशक्त पोरगा कोणता, एवढाच अंदाज चुकला.

दादा पुढं जंगल तुडवत वनपाल झाला. मला बाबांच्याच शाळेत चिकटवून घेतलं. विषय? विज्ञान!