पाय लागला तर चालतो

आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पळण्याची परंपरा फक्त बस पकडण्यापुरती. मी तर प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनवर सुटती गाडी दिसली की 'पुढची बरी' असं म्हणणारा माणूस. त्यामुळे नववीतल्या लेकीने जेवताना जाहीर केलं की ती शाळेच्या टीममध्ये हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळणार, तेव्हा हिने आधी माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडून आलेलं नाही हे," एवढंच म्हणाली.

लेकीची ती चार वर्षांची कारकीर्द आठवली की मला अजून एप्रिलमधलं बोचरं वारं आठवतं. जाळीच्या कुंपणापलीकडे ट्रॅक, अलीकडे हाफ पँटमधले बाकीचे पालक, आणि फोल्डिंगच्या खुर्च्यांत एकाच ब्लँकेटमध्ये आम्ही दोघं, थर्मासमधला चहा पीत.

शंभर मीटरमध्ये दहा हर्डल्स असतात. दोन हर्डल्सच्या मधे तीन पावलं टाकायची, हे या खेळाचं गणित. आमची टाकायची चार, कधी पाच. अकरावीत कोचबाईंनी सांगून टाकलं, की सीझनच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत तीन जमली नाहीत तर पुढच्या वर्षी हर्डल्स बंद, लांब पल्ल्याचं पळायचं. लेक त्या रात्री न जेवता झोपली.

आम्ही दोघांनी ट्रॅकवर कोचबाईंना गाठलं. मला वाटलं उंची कमी पडत असेल, दूध-बिध वाढवता येईल. त्या म्हणाल्या, उंची पुरेशी आहे. पण ती हर्डलवरून गरजेपेक्षा फार उंच जाते, हर्डल काचेचा असल्यासारखी. वेग तिथेच जातो. बाकीच्या मुली धडकतात, पाडतात, पळत राहतात. "आणि पाय लागला की ती असं का करते?" असं विचारून त्यांनी हात खाली नेला आणि बोटं छातीला लावली.

हिने माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाकडे.

मंदीच्या दिवसांत देश सोडून इकडे एडिसनला आलो तेव्हाची गोष्ट. पुस्तकाला, ताटाला, पाहुण्याला पाय लागला की नमस्कार कर, हे आम्ही तिला नीट बोलता येण्याआधीच शिकवलं होतं. आम्ही शिकवलेलं इतकं पक्कं दुसरं काही बसलं नाही. पाढे तर सातच्या पुढे गेलेच नाहीत.

गाडीत मी लेकीला समजावलं, "अगं, हर्डलला पाय लागला तर चालतो."

"आय नो दॅट, बाबा. माझ्या पायाला कळत नाही."

मग घरासमोरच्या ड्राइव्हवेवर सराव सुरू झाला. मी उलट्या बादलीवर बसून जुना टॉवेल गुंडाळलेला प्लास्टिकचा पाइप आडवा धरायचा, तिने पळत येऊन मुद्दाम पाय घासून जायचं. पहिल्याच दिवशी तिचा बूट माझ्या मनगटावर बसला. ती थांबली, मागे आली, वाकली.

"राहू दे नमस्कार. पळ."

"पण तुला लागलं ना."

"लागू दे. पळ."

स्वतःच्या तोंडून हे ऐकताना मला कसंतरीच झालं. वर स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिचा आवाज आला, "झाले का संस्कार उतरवून? आत या, भात गार होतोय."

शेवटच्या शर्यतीला पालकांना कामं वाटून दिली होती. माझी पात्रता ओळखून मला पडलेले हर्डल्स उभे करायला ठेवलं होतं. पिस्तूल वाजलं. पहिल्याच हर्डलला तिचा पाय घासला. हात खाली गेला नाही. तीन पावलं. दुसरा. तीन. चौथा धाडकन आडवा झाला आणि मी तिकडे पाहतो, तोवर ती पाचव्यावर होती. शेवटपर्यंत तीन. कितवी आली ते पाहायचं मी विसरलो. पाचवी, हे नंतर कळलं. पलीकडे कोचबाई दोन्ही हात वर करून उड्या मारत होत्या, त्यावरून लांब पल्ल्याचं संकट टळल्याचं समजलं.

मी ट्रॅकवर गेलो. तिच्या लेनमध्ये तीन हर्डल्स पडले होते. माझ्याबरोबर कामाला असलेला दुसरा बाप सहानुभूतीने म्हणाला, "रफ रेस. कोणाची मुलगी?"

"माझी," मी म्हणालो. "तिन्ही तिनेच पाडले."

आणि ते तिन्ही मी इतक्या सावकाश उभे केले, की पुढच्या शर्यतीतल्या मुली कमरेवर हात ठेवून माझी वाट पाहत होत्या.