काळ्या दगडापाशी वळलेला कालवा

त्या वर्षी राज्याचे दोन भाग व्हायचे होते आणि आमच्या कचेरीतल्या कपाटांवर खडूच्या खुणा पडल्या होत्या. गोल असेल ते इथे हैदराबादेत राहणार, फुली असेल ते आंध्रात जाणार. माणसांवर खुणा नव्हत्या, पण ज्याची त्याला ठाऊक होती. मी राहणार होते. समोरच्या टेबलावर नकाशे काढणारे अण्णा जाणार होते. त्यांचं गाव कृष्णेकाठचं. पण तीस वर्षं हैदराबादेत गेलेली, घर नामपल्लीला, आणि नोकरीची तीनच वर्षं उरलेली.

मला वाटणीचं नवल नव्हतं. भाषेवर राज्यं पाडली तेव्हा आमचे सगळे चुलते नांदेडकडे गेले. वडील एकटे नोकरीसाठी काचीगुड्यात राहिले. कोण गेलं, कोण राहिलं, याच गोष्टी ऐकत मी वाढले. पन्नाशीत पुन्हा त्याच ऐकायचा कंटाळा आला होता.

आमचं काम भूजलाचं. विहिरी मोजायच्या, खडक तपासायचे. वाटणीपायी तेही थांबलं. एक दिवस साहेबांनी बोलावलं. "रिकामे बसू नका. शहराबाहेरच्या त्या जुन्या कालव्यावर सहल आखा. लोकांना चालवत न्यायचं, दगड दाखवायचे, कालवा कसा बांधला ते सांगायचं. नकाशा अण्णा काढतील."

"येणार कोण?" मी विचारलं.

"ते नंतर बघू."

तीन महिने आठवड्यातून दोनदा आम्ही जीपने जात होतो. नदीवरच्या बंधाऱ्यापासून गावतळ्यापर्यंत गेलेला दगडी कालवा; पाणी पोटरीभर, त्यातही प्लास्टिक. आमच्या पुढे कोयत्याने झुडपं तोडत गावचा नीरडी चाले. शेतोशेती पाणी सोडणं-अडवणं हे त्याच्या घराण्याचं काम. म्हातारा झाला होता, तरी पाण्याचं काही असलं की गाव त्यालाच विचारी. मी मात्र त्याला एवढंच विचारलं, की सावली कुठे आहे आणि इथे साप निघतात का.

थांबण्याच्या जागा ठरल्या. गुलाबी ग्रॅनाइट, एकावर एक तोललेले धोंडे वगैरे. पाचव्या जागी ग्रॅनाइटला छेदत काळ्या खडकाचा पट्टा गेला होता आणि तिथेच कालवा कोपरातून वाकवल्यासारखा वळला होता. मी तिथे लावायच्या फलकावर लिहिलं, 'या काळ्या खडकावर छिन्नी चालेना, म्हणून बांधणाऱ्यांनी कालवा वळवला.' वाक्य मला आवडलं होतं.

पहिली सहल एका रविवारी निघाली. अकरा माणसं, बहुतेक निवृत्त. ऊन चढलं होतं, माझे गुडघे बोलत होते. पाचव्या जागी मी माझं वाक्य म्हटलं. काठावर पाय धूत बसलेला नीरडी उठला.

"नक्को अम्मा, ऐसा नक्को बोलो. पहला कालवा सीधाच था."

सीताफळीच्या जाळीत शिरून त्याने कोयता चालवला. मागे काळ्या खडकातून सरळ कोरलेला चर होता, पुरुषभर खोल, दोन्ही बाजूंना छिन्नीचे घाव. तोंडाशी दगडगोटे भरलेले.

"तोडे थे," तो म्हणाला. "पानी छोडे तो दरारों में सब भाग गया. फिर बंद करके घुमाए. वो नीचे की बावली में आज भी गर्मी में पानी रहता."

मी वाकून पाहिलं. काळा खडक आणि ग्रॅनाइट जिथे भेटत होते तिथे बोट जाईल एवढ्या भेगा; त्यांतूनच पाणी झिरपून खालच्या विहिरीत उतरत असणार. भूजलात उभी नोकरी काढलेल्या बाईला हे आधी दिसायला हवं होतं.

एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, "मग फलकावरचं चुकीचं?"

"हो. चूक माझी."

परतताना जीपमध्ये अण्णांनी नकाशाची गुंडाळी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मॅडम, तीन महिने तो आपल्या पुढे चालत होता."

"माहीत आहे."

"मीही विचारलं नाही."

पुढच्याच आठवड्यात अण्णांच्या बदलीचा हुकूम आला. साहेबांनी बजावलं, "नकाशा मंजूर झालाय. आता हात लावू नका." अण्णा "हो सर" म्हणाले आणि टेबलाशी बसून त्यांनी तो जुना चर तुटक रेघेने नकाशात घातला. निरोपाच्या चहाला ते वेळेवर आले नाहीत. तास-दीड तासाने आले, हातांवर काट्यांचे ओरखडे, खिशात मोजपट्टी. चराची लांबी अंदाजाने घातली होती, म्हणून बसने जाऊन मोजून आले होते. चहा निवला होता. तो त्यांनी उभ्यानेच घेतला, लांबी दुरुस्त केली आणि गेले.

सहल चार हिवाळे चालली. पाचव्या जागी नीरडी बोलायचा, मी मागे उभी राहायचे. कधी वीस माणसं, कधी तीनच. मग खालच्या अंगाला प्लॉट पडले, कालवा सिमेंटच्या नळात गेला. सहल बंद करा असा कागद आला तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. खरं तेच सांगते.

नीरडीला सांगायला मीच गेले. तो "अच्छा" म्हणाला. मग जरा घुटमळत त्याने विचारलं, "अम्मा, जीप शहर कू जा री क्या? घरवाली कू आबिड्स में आंख के डॉक्टर कू बताना था."

दोघांना मागे बसवलं. दवाखान्यात रांग होती. म्हातारीचा नंबर येईपर्यंत मी त्यांच्याजवळ बाकावर बसले आणि त्या दिवशी कचेरीत गेलेच नाही.