अख्खा वॉर्ड माझ्या लघवीची वाट बघत होता

आमच्या दिघीकडच्या कोळणींना तहान मारायची सवय असते. उन्हाळ्यात खळ्यावर जवळा वाळत घातला की कावळे-कुत्री टपलेलीच. राखण सोडून उठायचं कसं, आणि उठलं तरी उघड्या किनाऱ्यावर आडोसा कुठला? म्हणून पाणीच प्यायचं नाही. मला त्याचा भारी अभिमान होता.

त्या मे महिन्यात हळदीचं जेवण बाधलं आणि मला जुलाब लागले. सासूबाईंनी आपल्या आईकडून शिकलेला उपाय केला. पाण्याचा तांब्याच उचलून ठेवला. "पानी नको पिऊ गो, परत पोट सुटंल," म्हणाल्या. अंग ठणकत होतं, तर मी दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या. जुलाब थांबले, पाठोपाठ लघवीही थांबली. मला उलट बरंच वाटलं, सारखं उठायची कटकट गेली! पण मग उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा नवऱ्याने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. "शेवटची लघवी कधी झाली?" तिने विचारलं. मला आठवेना. तिचा चेहराच उतरला. पाण्यावाचून आणि त्या गोळ्यांनी माझ्या किडन्या बंद पडत होत्या, आणि डायलिसिसचं मशीन तिथे नव्हतं. "सलाईन लावते. संध्याकाळपर्यंत लघवी उतरली तर ठीक, नाहीतर मुंबई गाठायची," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवर साप चावलेली बाई होती. तिचीही लघवी बंद. तिला मुंबईला घेऊन निघाले आणि दुपारी वॉर्डात बातमी आली, ती वाटेतच गेली. तेव्हा मी खरी घाबरले. पोरांची तोंडं दिसू लागली.

डॉक्टर येऊन छाती तपासे, सलाईन कमी-जास्त करी आणि वाकून खाटेला अडकवलेली लघवीच्या नळीची पिशवी बघे. नर्स बघे. झाडूवालीसुद्धा बघे. कोण कुठली मी, पण सगळ्यांना माझीच काळजी. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. सासूबाई तर पिशवीसमोर फरशीवरच बसून राहिल्या. "माझ्यामुलं झालं गो," एवढंच म्हणाल्या. मी तशी तापट बाई, पण त्यांच्यावर राग आलाच नाही. मी त्यांचा हात धरला.

उन्हं कलली. नवरा खाली आवारात मुंबईची गाडी ठरवत होता. इतक्यात सासूबाई ताडकन उठल्या आणि खिडकीशी धावल्या. जन्मभर बाजारात मासळी विकून कमावलेला आवाज त्यांनी लावला.

"अरं, गाडी नको! मुतली! माझी सून मुतली!"

आवारातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. एरवी मी लाजेने मेले असते. त्या दिवशी मात्र ढसाढसा रडत होते आणि म्हणत होते, आई, अजून मोठ्याने ओरडा.