जबाबात मी घातलेलं वाक्य

ती घटना आठवली की आधी माझी चूक आठवते. बाईंनी न सांगितलेलं एक वाक्य मी त्यांच्या फिर्यादीत लिहिलं होतं.

तेव्हा डोंबिवलीत नेमणूक होती. कोपरच्या एक निवृत्त शिक्षिका सकाळीच पोलीस ठाण्यात आल्या. आदल्या दुपारी त्यांच्या कॉम्प्युटरवर भोंगा वाजू लागला आणि लाल अक्षरांत सूचना आली, 'व्हायरस शिरला आहे, मशीन बंद करू नका.' मग एका माणसाने फोनवर सांगून दुरुस्तीचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. ते टाकल्यावर माउसचा बाण आपोआप फिरू लागला आणि पेन्शनचं खातं रिकामं झालं.

"त्याचा फोन किती वाजता आला?"

"आला नाही हो, मी केला. नंबर स्क्रीनवरच होता."

"बाई, चोर आपल्या फोनची वाट बघत बसतो का? नीट आठवा."

त्या गोंधळल्या. "कालपासून डोकंच चालत नाहीये. तुम्हाला जास्त कळतं."

मी लिहिलं, 'अज्ञात इसमाचा फोन आला.' वाचून दाखवलं, सही घेतली.

तपास तिथेच भलतीकडे वळला. कॉल रेकॉर्ड आल्यावर मी फक्त आलेले कॉल तपासले. त्या दुपारी एकच आला होता, त्यांच्या इमारतीखालच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा. आठवड्यापूर्वी मशीन त्यानेच दुरुस्त केलं होतं. वस्तूला शेवटचा हात कोणी लावला, हे आम्ही आधी बघतो. गिऱ्हाइकांसमोर त्याला दुकानातून उठवून आणलं.

"बाईंना फोन कशाला केलास?"

"नवा कीबोर्ड आलाय, ते सांगायला, साहेब."

"आणि सॉफ्टवेअर कुठलं टाकायला लावलंस?"

"मी कशाला फोनवर सांगत बसू? दोन मजले चढून स्वतःच टाकलं असतं ना!"

हवालदार हसला. मी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. दोन तासांनी दुरुस्तीवालाच म्हणाला, "साहेब, एक विचारू? बाईंना फोन आला, की त्यांनी केला?"

"प्रश्न मी विचारतो."

असं म्हणालो खरा, पण या वेळी बाईंनी केलेले कॉल बघायला रेकॉर्ड पुन्हा उघडलं. त्याच दुपारी बाई एका अनोळखी नंबरला फोन लावून पाऊण तास बोलल्या होत्या. मग त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर तीच लाल सूचना, खाली फोन नंबर.

"खऱ्या सूचनेत असा नंबर नसतो, साहेब. घाबरवून आपल्यालाच फोन करायला लावतात. कशावर क्लिक करायचं नाही. इंटरनेट तोडायचं, बटण दाबून मशीन बंद करायचं आणि ओळखीच्या माणसाला दाखवायचं."

नंबर तोपर्यंत बंद पडला होता. माझ्या वाक्यापायी तीन दिवस गेले होते आणि पैसे खात्याखात्यांतून पुढे निघून गेले होते. बाईंना खरं ते सांगून पुरवणी जबाब घेतला. "मी सांगत होते ना तुम्हाला," एवढंच त्या म्हणाल्या. दुरुस्तीवाल्याला मात्र मी "जा, गरज लागली तर बोलावू" म्हणून सोडलं.

समोरचा माणूस गोंधळलाय असं वाटतं, तेव्हा आपणच गोंधळलेले असू शकतो, हे मला उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर त्या दुरुस्तीवाल्याला शोधत कोपरला गेलो. दुकान बंद होतं. पोलिसांनी नेलेल्या माणसाकडे कोणी मशीन देईना, म्हणून त्याने शहाडला गाळा घेतला होता. तिथे गेलो. दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला बघून त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"साहेब, आता काय झालं?"

"काही नाही. तुम्हाला लोकांसमोर नेलं होतं, म्हणून लोकांसमोरच सांगतो. तुमचा काही दोष नव्हता. बाई खरं सांगत होत्या, मी खोटं लिहिलं. त्या दिवशीच यायला हवं होतं. मला माफ करा."