शंका घेणाऱ्या कुंदाताई

कुंदाताईंकडे मी पहिल्यांदा गेलो तो भांडायच्या तयारीने. आई गेल्यावर माझा धाकटा भाऊ दिलीप याला मी एका नावाजलेल्या निवासी संस्थेत ठेवलं होतं. दिलीप स्वमग्न आहे, बोलतो अगदी मोजकं, आणि चाळिशी ओलांडली तरी त्याला अंघोळीपासून जेवणापर्यंत सोबत लागते. तिथले लोक दर भेटीत म्हणायचे, "फार शहाणा आहे हो तुमचा भाऊ, काही त्रास नाही." तो शहाणपणा गुंगीच्या गोळ्यांचा होता, हे मला उशिरा कळलं. तेव्हापासून कोणी गोड बोललं की मला आधी संशय येतो. पेणच्या शाळेत जन्मभर मुलांची कारणं ऐकून माझा स्वभाव तसाही काही फार भोळा राहिलेला नव्हता.

रोह्याहून कोलाडकडे जाताना ताईंचं निवासी केंद्र लागतं. मी दिलीपला घेऊन गेलो तेव्हा ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या नि म्हणाल्या, "दिलीपराव, मी कुंदा. खोली बघायची का?" आमच्या घरी तो कायम दिलू होता. हे 'राव' मला दाखवण्यासाठी चाललंय, असं मी मनात म्हटलं. म्हणून दिलीपला तिथे ठेवल्यावर मी न कळवता जाऊ लागलो. कधी सकाळच्या गाडीने, कधी भर दुपारी, आणि शक्यतो मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून. 'आधी फोन करायचा ना' असं ताई एकदाही म्हणाल्या नाहीत. दिलीपच्या खोलीत शिरण्याआधी त्या दारावर टकटक करतात, हे मी व्हरांड्याच्या खांबाआडून पाहिलं आहे. मी तिथे उभा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मी अजून तरी धरून चालतो.

ताई मूळच्या पेणच्या खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. एका कंपनीच्या दवाखान्यात नर्स म्हणून उमेदीची वर्षं काढून त्यांनी या केंद्राचं काम हाती घेतलं. पाहुणे आले की रहिवाशांना ओळीने उभं करून प्रार्थना म्हणायला लावायची, ही पद्धत त्यांनी आल्या आल्या बंद केली. एका बड्या पाहुण्यांना त्यांनी तोंडावर विचारलं, "ही मानसं आपल्या घरात हायेत. तुमच्याकडं पावना आला तर तुम्ही उभं राहून गानं म्हनता का?" चिडल्या की ताईंच्या तोंडी गावची बोली येते. पाहुणे चहा न घेता गेले.

एका मंगळवारी मी असाच जाऊन थडकलो, तर दिलीप भिंतीकडे तोंड करून बसलेला. एरवी त्याचं दिवसभर हुं-हुं चालू असतं, फाटकापर्यंत ऐकू येईल असं. त्या दिवशी आवाजच नव्हता. सेवक हिरामण कौतुकाने म्हणाला, "गुरुजी, दोन दिस झालं, काय तरास नाय बघा. गप बसून ऱ्हातो. शहाना झालाय." 'शहाणा' म्हटल्याबरोबर मी पुढे झालो. दिलीपचा चेहरा वळवून पाहिला, तर डावा गाल सुजलेला.

मी तसाच ताईंच्या खोलीत घुसलो. "कोणी हात उचलला माझ्या भावावर?"

ताई उठल्या, त्यांनी दार लावून घेतलं. "मलाही तीच शंका आली, गुरुजी. कालपासून एकेकाला वेगळं बसवून विचारतेय. हिरामणलासुद्धा. पण आज दिलीपरावांना मी स्वतः जेवायला वाढलं. भाकरी चावत नाहीत ते. मला दाताचं वाटतंय."

माझा विश्वास बसला नाही. मला गप्प करायला दाताची कथा रचली असणार, असंच वाटलं. "डॉक्टरकडे मीही येतो," मी म्हटलं.

"तुम्ही आला नसतात तर मीच ओढून नेलं असतं तुम्हाला," ताई म्हणाल्या.

रोह्यातल्या दातांच्या दवाखान्यात दिलीप खुर्चीवर बसेना, तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, "अशा पेशंटचं हे असंच असतं. शांत राहायची गोळी देतो, पुढच्या आठवड्यात बघू."

"शांत तर ते दोन दिवस आहेतच, डॉक्टर. तेच मला खटकतंय," ताई म्हणाल्या, आणि स्वतः खुर्चीवर बसून त्यांनी आ केला. "आधी माझे दात बघा. सावकाश."

डॉक्टर हसले, पण त्यांनी आरसा हातात घेतला. दिलीप हळूहळू जवळ सरकला नि वाकून ताईंच्या तोंडात पाहू लागला. ताईंनी पुन्हा एकदा दात तपासून घेतले, मग आणखी एकदा. त्यानंतर दिलीप आपणहून खुर्चीवर चढला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दोन दिवस तो ती कळ मुकाट सोसत होता आणि त्याला शहाणा म्हटलं जात होतं.

दाढ काढल्यावर मी पुन्हा गेलो, तेव्हा हुं-हुं रस्त्यावरच कानावर आलं. "झाली गाडी चालू!" हिरामण म्हणाला. मी पायरीवर बसून रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. हिरामणवरचा संशय मी पुरता सोडलेला नाही. ताईंनीही सोडलेला नाही, हे त्यांनी त्याच्यादेखतच मला सांगितलं.

आता हा लेख ज्यात छापला जाणार आहे, त्या गौरवग्रंथाबद्दल. ताईंच्या साठीनिमित्त लेख मागायला आलेले केंद्राचे विश्वस्त म्हणाले, "ताईंना आता विश्रांती द्यायला हवी." ते फारच गोड बोलत होते. मी लेखाचं बाजूला ठेवलं आणि रोह्याला जाऊन ताईंना सरळ विचारलं, "शाल घालून तुम्हाला घरी पाठवायचा बेत आहे का?"

ताई म्हणाल्या, "मलाही तीच शंका आहे. म्हणून तर ग्रंथाला हो म्हटलं. सगळ्या रहिवाशांचे घरचे तो वाचतील. एकट्याने विचारू नका गुरुजी, सगळ्यांनी मिळून विचारा."

तेव्हा मी इथेच विचारतो. ताईंच्या जागी कोणाला आणणार आहात? त्या माणसाने ताई असतानाच इथे येऊन, दिलीपसमोर स्टुलावर बसून, त्याची ओळख करून घ्यावी. मागचं दार उघडं राहील, असा शब्द आम्हाला सर्वांसमोर मिळावा. तो मिळेपर्यंत मी येत राहणार, न कळवता.

कुंदाताईंना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. त्यात माझा स्वार्थ आहे. दिलीप आम्हा दोघांहूनही बराच लहान आहे. गौरवग्रंथात असं अभद्र लिहू नये असं माझी मुलगी म्हणते, तरी लिहितो: ताईंनी माझ्यामागे पुष्कळ वर्षं राहावं. मी गेल्यावर दिलीपला माया लावणारे भेटतील. तो गप्प झाला तर शंका घेणारं माणूस आज तरी मला एकच ठाऊक आहे.