पट्ट्यांच्या शर्टातला पंच

नातीची कुस्ती बघायला मी अंधेरीच्या हॉलमध्ये एकदाच गेले. ही तिकीट लावून दाखवायची कुस्ती. कोण जिंकणार ते कंपनी आधीच ठरवते. त्या दिवशी नात हरणार, हे मला घरीच कळलं होतं. पण पडणं मात्र खरंच असतं.

रिंगणाच्या दोरावरून ती पाठीवर आदळली आणि हललीच नाही. पट्ट्यांच्या शर्टातला काटकुळा पंच गुडघ्यांवर बसला, तिचा हात धरला आणि आकडे मोजायला लागला. मी ओरडले, "मेल्या, मोजतोस काय? पोरगी बघ!"

त्याने मान वळवली नाही. हात तेवढा पाठीमागे नेऊन मला अंगठा वर करून दाखवला.

खेळ संपल्यावर तो माझ्यासाठी चहा घेऊन आला. "आजी, मी हात दाबतो. तिने परत दाबला तर ठीक. नाही दाबला तर दोन्ही हात वर करून फुली दाखवतो. मग कंपनी गेली खड्ड्यात, डॉक्टर आधी."

"आणि मी तुला मेल्या म्हणाले."

"रोज कुणीतरी म्हणतंच."

परतताना रिक्षात मी नातीचा हात दाबला. "आता काय गं आजी?" म्हणत तिने परत दाबला, तेव्हा कुठे मी मागे टेकून बसले.