विंगेतून दिलेला हुकूम

ये गो बाय, अशी जवळ सरक आणि आधी ऐकून घे. तो व्हिडिओ तू वास्कोत बसून दहा जणींना पाठवलास म्हणे, पोटभर हसलीस, आणि मावशीला एक फोन करावा असं काही वाटलं नाही तुला. राजाच्या वेशातला मंत्री बोलतो एवढंच दिसतं त्यात. विंगेत कोण होतं ते दिसत नाही. तिथे मी होते.

आमच्या पेडण्याकडे जत्रेला देवीपुढे गावकरीच नाटक करतात. तुझे काका असायचे सेनापती, आणि आज जो मंत्री आहे तो राजा. उंच, गोरा, आवाज असा की नदीकाठच्या चोपडे गावात ऐकू जावा. पाठांतर मात्र शून्य. मी चौथी शिकलेली, पण वाचायची हौस, म्हणून नाटकाची वही हातात देऊन मला विंगेत उभं केलं. बाकीच्यांना वाक्याचे पहिले दोन शब्द दिले की पुरायचे. ह्याला अख्खं वाक्य द्यावं लागे. अर्थाकडे लक्षच नाही, कानात पडलं की तोंडातून बाहेर. एकदा मी चुकून कंसातलं 'डावीकडे जातो' हेसुद्धा वाचलं, तर तेही गर्जून म्हणाला आणि उजवीकडे गेला.

पंचायतीच्या निवडणुकीत पंच म्हणून उभा राहिला तेव्हा पहिल्या सभेत बॅनरच्या मागे वही घेऊन मीच. मग सरपंच झाला, आमदार झाला, दोनदा पक्ष बदलला. दर वेळी आमच्या ओट्यावर बसून पावाचे उंडे आणि पातळभाजी खायचा आणि म्हणायचा, "वैनी, चार ओळी लिहून दी गो, तुझ्यासारखं कोणाला जमत नाही." मंत्रिपदाची शपथ घेताना तो टीव्हीवर, मी घरात, आणि ओठ माझेही हलत होते. काका गेले तेव्हा त्याने खांदा दिला. ते मी नाकारत नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

आपल्या कुळागराच्या, त्या बागेच्या, वर डोंगरात झर आहे, तू लहानपणी पाय सोडून बसायचीस ती. माड, पोफळी, खालची घरं, सगळी तिच्यावर. एका सकाळी तिच्या डोक्यावर डोंगर कापायचं यंत्र येऊन उभं. बाहेरच्यांचे बंगले होणार म्हणे, पोहायच्या तळ्यांसकट. मंत्र्याची माणसं गावभर सांगत फिरली, परवानगी आधीच्या सरकारची, भाऊंचा, म्हणजे ह्याचा, त्यात हात नाही. मी पंचायतीत जाऊन कागद बघितला. खाली त्याची सही. ती मी ओळखणार नाही? आमच्याच ओट्यावर गिरवून गिरवून बसवली होती त्याने.

पर्वरीला त्याच्या सरकारी कचेरीत गेले. दोन बस बदलून, बरोबर फणसाचे गरे घेऊन. केबिनमध्ये बंगलेवाले बसलेले, चहा चाललेला. त्याने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बाई, गाव कुठलं तुमचं? अर्ज बाहेर द्या."

बाई. गाव कुठलं.

अर्ज बाहेर दिला. गरे परत आणले आणि बसमध्ये शेजारणीला वाटून टाकले. रडले नाही. पेडणे येईपर्यंत माझं ठरलं होतं.

गेल्या वर्षीची जत्रा जवळ आली. मास्तर, म्हणजे आमचे दिग्दर्शक, विचारायला आले, "ह्या वर्षी उभी राहणार ना गे?" मी म्हटलं, राहीन की. मंत्री झाल्यापासून तो तालमीला फक्त नारळ फोडायला यायचा, त्यामुळे सगळा भार माझ्यावरच. शेवटच्या अंकात राजा न्याय देतो. त्या पानाच्या तळाला मी पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या. लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. भाषा राजाची हवी होती, नाहीतर त्याला मध्येच शंका आली असती.

त्या दिवशी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचा अंक आला. म्हातारा शेतकरी पाया पडला, "महाराज, न्याय द्या." राजाने मिशीला पीळ दिला आणि कान माझ्याकडे केला. मी बॅटरी पेन्सिलीच्या ओळींवर धरली आणि शांतपणे दिलं.

"डोंगर कापण्याची परवानगी आम्हीच दिली," तो गरजला. "आमच्याच हातची सही. ती आम्ही ह्या देवीसमोर मागे घेतो. झरीच्या वरचं यंत्र उद्या खाली उतरेल."

गाऱ्हाणं घालताना देवापुढे म्हणतात ना, तसं मागून कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा." मग सगळी जत्रा एका आवाजात, "व्हय म्हाराजा." तेव्हा कुठे आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मुकुटाखालून घाम दाढीत उतरला. विंगेकडे बघत राहिला, पुढचं वाक्य मिळेल म्हणून. मी वही मिटली होती.

पडदा पडल्यावर धावत आला. "वैनी, हे काय केलंस गो माझं?"

"बाई म्हणा," मी म्हटलं. "आणि गाव विचारा."

दुसऱ्या दिवशी लोक तो व्हिडिओ घेऊन पंचायतीत बसले. पेपरवाल्यांना तो म्हणाला, ते नाटकातलं वाक्य होतं. वही मागायला माणूस आला. दिली नाही. तिसऱ्या दिवशी यंत्र खाली उतरलं. मला पाप लागेल म्हणतात काही जणी. लागू दे. रोज झरीवर कळशी भरताना त्याचं ते तोंड आठवतं आणि पाणी गोड लागतं मला.

पण यंत्र गेलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी ताडपत्रीखाली उभं आहे. आणि ऐकते की ह्या वर्षी राजा म्हणे आपल्या संवादांची नक्कल घरी नेऊन सगळं पाठ करतोय, विंगेत बाईमाणूस नको म्हणतोय. इतकी वर्षं मला जमलं नाही ते एका 'व्हय म्हाराजा'ने केलं. मास्तरांनी मात्र वही माझ्याकडेच ठेवली आहे. पाठ केलेलं तो विसरणारच, मी ओळखते त्याला. माझे डोळे आता बॅटरीच्या उजेडात अक्षर धरत नाहीत, तुझे अजून चांगले आहेत, विंगेत वही तू धर. तेव्हा रजा टाक आणि जत्रेच्या आधी परत ये गो. ह्या रविवारीच आलीस तर बरं.